रोगाची सांथ आणि राष्ट्राची संपत्ति

सांथ आली कीं आपण मृतांची गणती करितों. तिनें राष्ट्राच्या संपत्तीची किती हानि केली, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. तो समजून घेण्यास मुंबईंतील प्लेगचें उदाहरण फार बोधप्रद आहे.

सन १८९६ च्या सप्टेंबरांत गोदीलगतच्या मांडवी भागांत डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनीं हा रोग ओळखिला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची पेठ. धान्यामागें उंदीर व उंदरामागें पिसवा, असा रोगाचा प्रवास शास्त्रज्ञांस पुढें उमगला. व्यापाराची वाट तीच रोगाची वाट ठरली. कांहीं महिन्यांतच शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली. कोंकणांतील व घाटावरील मजूर गांवीं परतल्यावर गिरण्यांच्या चात्या कोणीं फिरवाव्या? एरव्हीं महिन्याचा पगार मागाहून देणाऱ्या अनेक मालकांस तेव्हां रोजची मजुरी रोज मोजावी लागली. यंत्रें, कापूस, भांडवल सर्व जागच्या जागीं होतें. हात तेवढे नव्हते. संपत्तीचें मूळ कोठें असतें, हें याहून स्पष्ट कोण सांगणार? शिवाय १८९७ सालीं व्हेनिस येथें युरोपीय राष्ट्रांची परिषद भरून प्लेगग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्या जहाजांवर व मालावर निर्बंध ठरले.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झानें तर भर तारुण्यांतील माणसें फार नेलीं. विसाव्या शतकांत देशाची लोकसंख्या घटल्याचें शिरगणतींत दिसतें, तें १९११ ते १९२१ या एकाच दशकांत. एकत्र कुटुंबाचा कर्ता गेला म्हणजे काय घडतें, हें वाचकांस सांगणें नलगे. प्रथम शिल्लक सरते, मग दागिने मोडतात, आणि शेवटीं मुलाचें शिक्षण थांबतें. पहिल्या दोन गोष्टी कालांतरानें भरून येतात. तिसरीची तूट पुढील पिढी सोसते. राष्ट्राचेंही असेंच आहे.

२०२० च्या मार्चांत कोरोनामुळें टाळेबंदी झाली, तेव्हां मजूर पुन्हां शहरांतून गांवाकडे चालूं लागले, आणि २०२०-२१ या वर्षीं राष्ट्रीय उत्पन्न वाढण्याऐवजीं घटलें. सव्वाशें वर्षांत औषधें सुधारलीं. मजुराचा आधार तोकडाच राहिला.

वास्तविक प्लेगनें धडा दिला होता. आपण तो अर्धाच गिरविला. १८९८ सालीं मुंबईंत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व दादर-माटुंग्याच्या हवेशीर वसाहती त्यांतून उभ्या राहिल्या. सुशिक्षितांस उजेड व वारा मिळाला. गिरणीकामगाराच्या वांट्यास बहुधा चाळींतील कोंदट खोलीच आली. ज्याच्या हातांवर संपत्ति उभी, त्याच्याच आरोग्याची उपेक्षा व्हावी, हा आंधळा हिशेब होय. सांथ ओसरली कीं आरोग्याच्या खर्चास प्रथम कात्री लागते. परंतु तो पैसा राष्ट्राचें बियाणें आहे, आणि शहाणा शेतकरी दुष्काळांतही बियाणें खात नाहीं.