फवारणीचा पंप जरा बाजूला ठेवा

झाडांवर उपचार करणाऱ्यांना येणारा फोन बहुधा एकाच वाक्याने सुरू होतो : "झाडाला कीड लागलीय, फवारणी करून द्या." आम्ही पंप न घेता पोचलो की मंडळी नाराज होतात. पण बुंध्यापाशी उकिडवं बसल्याशिवाय झाडाचं दुखणं कळत नाही.

पांढरी अळी

मुंबईतल्या एका सोसायटीत पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणांनी पांढराफटक पडला होता. खालच्या गाड्यांवर चिकटा साचलेला. सेक्रेटरी काकांनी एक डहाळी पुढे केली. "बघा, केवढा मोठा ढेकूण!"

भिंगाखाली धरली, तर ती निघाली क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी! दिसायला ढेकणासारखीच पांढरी, अंगावर मेणाच्या झिपऱ्या. पण आकाराने मोठी आणि चालायला चपळ. ढेकणांची अंडी-पिल्लं हेच तिचं खाणं. हा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून कीडनियंत्रणासाठीच भारतात आणला गेला. सरसकट फवारलं असतं, तर आधी ही फौजच मेली असती. मेणाच्या कवचामुळे ढेकूण बरेचसे वाचले असते.

ढेकणांना खरं संरक्षण असतं ते मुंग्यांचं. ढेकणांनी सोडलेल्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. आम्ही खोडाला चिकट पट्टा बांधून मुंग्यांची वाट अडवली, भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटल्या. मग खोडाला भिडलेले पेव्हर ब्लॉक उखडले. मुळांना हवा-पाणी मिळत नसेल, तर झाड किडीशी झुंजणार कशाच्या बळावर? राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितलं, ते याचसाठी.

मावशींचा भुसा

दुसऱ्या एका आवारात आंब्याची पानं पिवळी पडत होती. खत, पाणी, औषध सगळं करून झालेलं. झाडलोट करणाऱ्या मावशी सहज म्हणाल्या, "दादा, इथं रोज भुसा पडतो. सुतारकाम तर कुठं चालू नाही."

निदान तिथेच झालं. कोकणातला बागायतदार हा भुसा पाहताच 'भिरूड' म्हणतो, म्हणजे खोड पोखरणारी अळी. खोडातलं भोक शोधलं, तारेचा आकडा आत सरकवला आणि बोटाएवढी पिवळट अळी बाहेर ओढली. भोकात पेट्रोलचा बोळा घालून तोंड चिखलाने लिंपलं. मावशींना म्हटलं, भुसा पुन्हा दिसला तर झाडण्याआधी कळवा.

विळ्याची परीक्षा

छाटणीच्या वेळी आम्ही कंत्राटदाराजवळून हलत नाही. फांदी बुडाशी जिथे फुगीर असते, तो कंठ राखून कापली तरच जखम भरते. खोडालगत सपाट कापली, की बुरशीला दार उघडलं. जाड फांदीच्या कापावर आम्ही बोर्डो पेस्ट लावतो : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. लावण्याआधी तिच्यात विळ्याचं पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला, आणखी घालायचा.

या साऱ्यात महागडं औषध कुठेच नाही. लागते ती रोजची नजर, आणि ती झाडाखाली राहणाऱ्यांकडेच असते. म्हणून प्रत्येक सोसायटीने महिन्यातून एकदा तरी आपल्या झाडांचा बुंधा, खोडावरची भोकं आणि पानांची खालची बाजू तपासावी. दुखणं लवकर दिसलं, तर बहुतेक झाडं वाचवता येतात.