पत्ता फोनमध्ये नसतोच

जीपीएसच्या उपग्रहांना गावांची नावं ठाऊक नसतात. त्यांच्या संदेशांवरून फोन हिशेब करून काढतो ते फक्त अक्षांश-रेखांश. १८.५२, ७३.८६ म्हणजे पुणे, हे दुसऱ्याच कुणीतरी सांगावं लागतं. या कामाला म्हणतात रिव्हर्स जिओकोडिंग.

अँड्रॉइडमध्ये त्यासाठी 'जिओकोडर' आहे, पण तो नुसता काउंटर. आत माणूस बसलेला असेल, म्हणजे मागे माहिती पुरवणारी सेवा जोडलेली असेल, तरच उत्तर मिळतं. २०१० मधल्या अँड्रॉइड २.२ च्या इम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनवर, प्रोग्रामरांच्या पदरी 'सेवा उपलब्ध नाही' एवढाच निरोप पडायचा. सेवा आहे की नाही हे आधीच विचारायची सोय २.३ मध्ये आली. पत्ता त्यानेही मिळत नव्हता. ॲपला निदान दुसरी वाट धरता येऊ लागली.

सरळ वाट म्हणजे ॲपनेच इंटरनेटवरून विचारणं. ओपनस्ट्रीटमॅपची 'नोमिनेटिम' सेवा फुकट आहे, पण अट कडक: सेकंदाला जास्तीत जास्त एक प्रश्न, तोही ॲपच्या सगळ्या वापरकर्त्यांचा मिळून. म्हणून मिळालेली उत्तरं साठवून ठेवतात. आकडे दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत आणले, की उत्तर-दक्षिण सुमारे १११ मीटरच्या पट्ट्याला एकच उत्तर पुरतं.

रेंजच नसेल तर? मग जिओनेम्ससारखी गावांची यादी फोनमध्येच ठेवायची आणि सर्वांत जवळचं गाव शोधायचं. जॉन बेंटली यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या 'के-डी ट्री' रचनेमुळे प्रत्येक गावाचं अंतर मोजत बसावं लागत नाही. यादीचे मोठे भाग न बघताच वगळता येतात.

पण जवळचं गाव म्हणजे आपलं गाव नव्हे. तेरेखोलचा किल्ला गोव्याचा, पण नदीच्या उत्तर तीरावर, सिंधुदुर्गाला चिकटून. यादीत पलीकडच्या काठावरचं केरी नसेल आणि सिंधुदुर्गातलं रेडी असेल, तर ॲप बिनदिक्कत किल्ला महाराष्ट्रात टाकेल. हद्दीची रेघच साठवली तर हे टळतं. आपल्या बिंदूपासून एका दिशेला सरळ किरण सोडायचा आणि तो हद्द किती वेळा ओलांडतो ते मोजायचं. विषम आकडा आला तर आपण आत, सम आला तर बाहेर. इतकी साधी युक्ती, आणि ती कितीही वेड्यावाकड्या सीमेला चालते!

खर्च येतो तो रेघेचा. ती बारकाव्यांसकट ठेवली तर फाइल फुगते, वळणं गाळली तर काठावरची घरं भलत्याच राज्यात जातात. तेरेखोलच्या आसपास चालवायचं ॲप असेल, तर मी फुगलेली फाइलच पत्करेन.