कारीट, अंगठा आणि अंगाची जाण

नरकचतुर्दशीला आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी तुळशीपुढे ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणत डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं असतं. बाहेर मिट्ट काळोख, एका पणतीचा उजेड. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी पाय उचलला आणि भेलकांडले. कारीट घरंगळत वृंदावनामागे गेलं आणि मी आत्याच्या खांद्यावर आदळले. आत्या तेव्हा एक्याऐंशीची. ती जागची हलली नाही. वर म्हणाली, “काय गो, पायांत जीव नाय?”

खरं तर मी रोज चालते. मनगटावरचं घड्याळ रोज आठ-नऊ हजार पावलं दाखवतं. पण चालताना कानात गाणी किंवा कुणाचा तरी फोन असतो. पाय कुठे पडतोय, टाच आधी टेकते की चवडा, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आत्याने आयुष्यात पावलं मोजली नाहीत, पण ती विहिरीच्या ओल्या पायऱ्या उतरली आणि उकिडवी बसून अंगण सारवलं.

डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावून बघा. बोट बरोबर पोचतं. हात कुठे आहे आणि कोपर किती वाकलंय, हे न बघता कळतं. शाळेत शिकवलेल्या पाच ज्ञानेंद्रियांत ही जाण बसत नाही. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 साली तिला प्रोप्रिओसेप्शन असं नाव दिलं. मराठीत आपण तिला अंगाची जाण म्हणू. स्नायूंच्या आत स्पिंडल नावाच्या बारीक रचना असतात. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगाने, याची खबर त्या सतत मेंदूला देतात. स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो तिथल्या कंडरांतले संवेदक भार किती पडलाय ते सांगतात. त्यात तळव्याच्या कातडीची आणि अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांची माहिती मिसळते. डोळे असतातच. एवढा सगळा कारभार आपल्या नकळत चालतो, म्हणून तो बिघडेपर्यंत लक्षात येत नाही.

पुरता बिघडला तर काय होतं, हे इयन वॉटरमन या इंग्रज माणसाच्या बाबतीत दिसलं. 1971 मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, एका तापानंतर मानेखालच्या शरीराची स्पर्शाची आणि स्थितीची जाण त्याने गमावली. स्नायू शाबूत होते आणि लकवाही नव्हता, पण उठून बसता येईना, कारण आपले हातपाय कुठे आहेत ते त्याला समजत नव्हतं. अनेक महिने खपून तो पुन्हा चालायला शिकला, ते केवळ डोळ्यांच्या जोरावर. प्रत्येक पाऊल बघायचं, ठरवायचं, मग टाकायचं. खोलीतला दिवा गेला की तो जागच्या जागी कोसळायचा. त्याचा अभ्यास करणारे डॉक्टर जोनाथन कोल यांनी त्याच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं आहे.

त्याच्या नेमकं उलट दृश्य आपल्या दादरला, शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरात दिसलं. तिथे उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलींना मल्लखांब शिकवला. मल्लखांब आपल्या मातीतला. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा उभा केला. दोराच्या मल्लखांबात जमिनीपासून उंच, पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोर पकडून उलटं होताना डोळ्यांचा उपयोग तसाही कमीच. दोर मांडीला कुठे घासतोय आणि वजन कुठल्या बाजूला झुकतंय, हे अंगानेच सांगावं लागतं. त्या मुलींचं अंग ते सांगायला शिकलं होतं. मला यातली शिकण्याची बाजू महत्त्वाची वाटते. ही जाण उपजत असली, तरी तालमीने ती धारदार होते आणि दुर्लक्षाने बोथटते.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी याच एका गोष्टीवर आयुष्य घालवलं. लहानपणी क्षय, हिवताप, विषमज्वर यांनी पोखरलेला हा मुलगा 1937 मध्ये गुरूंच्या सांगण्यावरून पुण्याला योग शिकवायला आला आणि पुण्याचाच झाला. 1975 मध्ये त्यांनी पत्नीच्या नावाने रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू केली. त्यांच्या पद्धतीत ताडासन म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे. दोन्ही टाचांवर सारखा भार आहे का, पावलाची आतली कड सुटलीय का, गुडघ्याची वाटी वर खेचली गेलीय का, हे तपासत उभं राहायचं. दोऱ्या, खुर्च्या, लाकडी ठोकळे हे सगळं त्यासाठीच आलं. ज्याचं अंग वाकत नाही, त्यालाही आपण कुठे वाकत नाही ते कळावं म्हणून. माझ्या मते घाम गाळणाऱ्या दहा वर्गांपेक्षा असा एक वर्ग जास्त शिकवतो.

दुसरी वाट स्थिर बसण्याची. बौद्ध परंपरेतली विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये म्यानमारहून भारतात आले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी हे त्यांचं केंद्र उभं राहिलं. तिथल्या दहा दिवसांच्या मौन शिबिरात पहिले तीन दिवस फक्त नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. चौथ्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवायला शिकवतात. खाज, ऊब, मुंग्या, काहीही असो, फक्त बघायचं, खाजवायचं नाही. याच बौद्ध परंपरेतून आणि हठयोगातून घेऊन अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात असाच एक वर्ग सुरू केला. औषधांनी जेवढं व्हायचं तेवढं होऊन गेलेले जुन्या दुखण्याचे रुग्ण तिथे यायचे.

इथे एक खबरदारी. अंगाकडे लक्ष देणं वेगळं आणि अंगाची धास्ती घेणं वेगळं. ज्यांना धडधड झाली की काळजीच वाटते, त्यांनी छातीवर लक्ष रोखून बसू नये. तळवे, हात यांपासून सुरुवात करावी किंवा सरळ हालचालीचाच मार्ग धरावा. आणि मधुमेहाने ज्यांचे तळवे बधिर झालेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. त्यांची खबर आणणारी तारच झिजलेली असते.

मी काय केलं? त्या दिवाळीनंतर एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने आधी माझी चप्पल मागितली. उजव्या टाचेची बाहेरची कड पार घासलेली. (आमच्या कोपऱ्यावरच्या चांभाराने हे मला फुकटात आणि आधीच सांगितलं होतं.) मग तिने पावलं जुळवून डोळे मिटायला लावले. ही रोम्बर्ग चाचणी, एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टर वापरत आले आहेत. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जाणारी माणसं डॉक्टरांच्या ओळखीची असतात. मी पडले नाही, पण झुलले. तिने दिलेला अभ्यास अगदी कंटाळवाणा होता. अनवाणी उभं राहून भार टाचेवरून चवड्यावर, उजवीकडून डावीकडे सावकाश न्यायचा. दात घासताना ओट्याला बोट लावून एका पायावर. रात्री पाठीवर पडून पायाच्या बोटांपासून टाळूपर्यंत एकेका अवयवाची विचारपूस. दहा मिनिटं, रोज.

पहिल्या महिन्यात काहीच झालं नाही. दुसऱ्या महिन्यात एके दिवशी संगणकासमोर बसले असताना कळलं की डावा खांदा कानाला भिडलाय. तो किती वर्षं तिथे होता कोण जाणे.

ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या 1,702 लोकांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं होतं. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत साधारण पाचातला एक उभा राहू शकला नाही आणि पुढच्या वर्षांत अशांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. एका पायावर न राहता आल्यानेच माणसं गेली असं नव्हे. वय, आजार, अशक्तपणा सगळं त्यात मिसळलेलं. पण दहा सेकंद हे मोजमाप घरात कुणालाही घेता येतं.

तेव्हा यंदा कारीट फोडायला पाय उचललात की लगेच खाली आणू नका, दहापर्यंत मोजा. अंगण ओलं असेल, तर वृंदावनाचा कठडा हाताशी राहू द्या.