हक्क, वारस, वकील आणि देवाची नावं

वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे गेलेला माणूस अर्ध्या तासात देवाची किती नावं घेऊन परततो, कधी मोजलंय? वारस, हक्क, हिशोब, जमा, मालक, आणि काम अडलंच तर वकील. सगळे मूळचे अरबी शब्द. फारसी दरबाराच्या वाटेनं ते आपल्या दप्तरात आले आणि इथलेच झाले. इस्लाममध्ये अल्लाहची जी ९९ नावं प्रेमानं घेतली जातात, त्यांतली कित्येक याच मुळांतून उगवली आहेत. अल-हक्क म्हणजे सत्य. अल-हसीब, सगळ्यांचा हिशोब ठेवणारा. अल-जामी, विखुरलेल्यांना एकत्र जमा करणारा. मालिकुल मुल्क, साऱ्या मुलखाचा मालक. अल-वकील, ज्याच्यावर काम सोपवून निर्धास्त झोपावं असा. आणि अल-वारिस, सगळे गेले तरी मागे उरणारा. मला हे शेवटचं सगळ्यात आवडतं. सातबाऱ्यावर नावं चढतात, कमी होतात, भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या चालते. आणि शेवटचा वारस भलताच निघतो!

या नावांच्या प्रचलित यादीत ९९वं नाव आहे अस-सबूर, अपार धीर धरणारा. शिर्डीच्या ‘श्रद्धा आणि सबुरी’तली सबुरी याच घरातली.

शंभराला एक कमी

९९ हा आकडा हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतून येतो. तिथे तो ‘शंभराला एक कमी’ असाच सांगितला आहे. अल्लाहची नावं एवढीच, असं मात्र नाही. ती मोजणीपलीकडची आहेत, असं बहुतेक इस्लामी विद्वान मानतात. आमच्या शेजारच्या खाला तिन्हीसांजेला ओट्यावर बसून तस्बीह, म्हणजे जपमाळ ओढायच्या. ३३ मण्यांची होती ती. अंगठ्यानं एकेक मणी अलगद मागे सरायचा, ओठ हलायचे, आवाज नाही. तीन फेरे झाले की ९९. मधे कुणी हाक मारली, तर चालू मणी चिमटीत घट्ट धरून त्या नुसती मान हलवायच्या. तो मणी सुटला, असं कधी पाहिलं नाही.

पोटातली माया

कुरआनच्या ११४ सूऱ्यांपैकी ११३ सूऱ्यांच्या आरंभी अल्लाहला दोन नावांनी हाक मारली आहे, रहमान आणि रहीम. दोन्हींचा अर्थ दयाळू. पण मुळापाशी गेलं की अंगावर काटा येतो, कारण त्याच मुळातून आलेल्या एका अरबी शब्दाचा अर्थ आहे गर्भाशय. हिब्रू ही अरबीची बहीण. तिच्यातही ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय आणि ‘रहमीम’ म्हणजे करुणा. बायबलच्या जुन्या करारातल्या देवाची करुणा ती हीच. पोटात वाढवलेल्या जिवाबद्दल आईला वाटते तशी. दया या शब्दात वरून खाली पाहणं आहे. या अरबी-हिब्रू शब्दांत पोटातून उमाळा येणं आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण विठोबाला माऊली म्हणतो, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तालाही आई आणि गुरू अशा दोन्ही नात्यांनी आळवलं.

अब्दुल हे अर्धंच नाव!

अब्द म्हणजे सेवक, ‘उल’ हा पुढच्या नावाला जोडणारा दुवा. नुसतं ‘अब्दुल’ म्हटलं की ‘अमक्याचा सेवक’ एवढंच होतं, अमका कोण ते राहूनच जातं. पुढे देवाचं नाव आलं की अर्थ पुरा. अब्दुल करीम, म्हणजे उदाराचा सेवक. अब्दुल रझ्झाक, म्हणजे अन्नदात्याचा सेवक. १९८० ते ८२ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले, कोकणातले बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले नावानंच दयाळूचे सेवक होते. म्हणून कुणाला हाक मारताना पुढचं नाव गाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

चार अक्षरं, ओठांवर न येणारी

हिब्रू बायबलमध्ये देवाचं नाव चार व्यंजनांचं आहे, य-ह-व-ह. ते साडेसहा हजारांहून अधिक वेळा येतं, पण भाविक ज्यू ते उच्चारत नाहीत. तिथे आले की आदरानं ‘अदोनाय’, म्हणजे प्रभू, असं वाचतात. वाचकाला आठवण राहावी म्हणून जुन्या लेखनिकांनी त्या चार व्यंजनांना अदोनायच्या स्वरांच्या खुणा दिल्या. पुढे ख्रिस्ती वाचकांनी दोन्ही एकत्र वाचलं आणि ‘यहोवा’ हा उच्चार जन्मला. मूळ उच्चार ‘याहवे’च्या जवळचा असावा, असं अभ्यासक मानतात.

या नावाचं लाडकं लघुरूप ‘याह’. ‘हालेलुया’ म्हणजे याहची स्तुती करा. योहान म्हणजे याह कृपाळू आहे, मत्तय म्हणजे याहचं दान. येशू या नावाचा अर्थ याह तारतो. ‘एल’ लागलं की तोही देवच. दानीएल, देव माझा न्यायाधीश. इश्माएल, देव ऐकतो; कोकणातल्या मोहल्ल्यात हाच इस्माईल. गोव्यातला मान्युएल म्हणजे इम्मानुएल, देव आमच्याबरोबर. आणि मिगेल, मायकल, मीखाएल? ते नाव नाहीच, प्रश्न आहे. देवासारखा कोण आहे?

माल्टातले कॅथलिक कुणाला हाक मारतात?

‘अल्ला’ला! माल्टाची भाषा अरबीतून घडली. तिथले कॅथलिक चर्चमध्ये देवाला अल्लाच म्हणतात आणि उपवासकाळाला ‘रांदान’, म्हणजे आपल्या कानांना ओळखीचा रमजान. अरब देशांतल्या ख्रिस्ती लोकांच्या बायबलमध्येही देव म्हणजे अल्लाहच. येशूची बोली होती अरामी, आणि तिच्यात देवाला ‘अलाहा’. केरळच्या सिरियन ख्रिस्ती उपासनेत तो शब्द अजून जिवंत आहे. पोर्तुगीज माणूस ‘असं होवो’ म्हणताना ‘ओशाला’ म्हणतो. त्यातही अल्लाह दडलाय, कारण तो शब्द इन्शाअल्लाहचा भाऊबंद आहे. उलट त्याचा ‘देउश’ आणि आपला ‘देव’ एकाच मुळाचे. त्यामुळे गोव्यात ख्रिस्ती शेजारी आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतो, तेव्हा त्यात परकं काही नसतंच.

आणि नाखवा

फारसीत देवाला खुदा म्हणतात. मूळ अर्थ धनी. नाव म्हणजे होडी, फारसीतही ‘नाव’च. नावेचा खुदा तो नाखुदा, आणि हा शब्द आपल्या किनाऱ्याला लागला तेव्हा झाला नाखवा. वेसाव्याच्या बंदरात ज्याला रोज हाक मारली जाते, तोच.