रोजा सोडण्याआधीचा मोगरा

गाडी थांबते ती ‘भंडारा रोड’ला, गावाचे नाव मात्र वरठी. हावडा-मुंबई मार्गावरचे हे स्थानक, पोलाद कारखाना, भंडाऱ्याकडे जाणारे ऑटो आणि दिवसभर उडणारी धूळ, एवढीच या गावाची ओळख बाहेरच्यांना असते. पण रमजानमध्ये, मार्च लागल्यावर, संध्याकाळी सहानंतर एखाद्या घराच्या अंगणात जाऊन बसावे. दस्तरखान अंथरलेला असतो. खजूर, टरबुजाच्या फोडी आणि सबजा घातलेले गुलाबी सरबत मांडलेले असते. मगरिबच्या अजानला अजून दहा मिनिटे असतात. घसा कोरडा पडलेला असतो, कोणाला बोलायचे नसते. अशा वेळी भिंतीकडेच्या मोगऱ्याची पहिली कळी उमलली, तर तिचा वास सगळ्यांना कळतो. दिवसभर काहीच तोंडात न घातलेल्या माणसाला जरा जास्तच कळतो.

रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणी नाही. फुलाचा वास घेण्याला मात्र बंदी नाही. हनफी पंथाचे धर्मशास्त्र यात एक बारीक भेद करते. फूल हुंगले, अत्तर लावले तर रोजा तुटत नाही. पण उदबत्तीचा किंवा लोबानाचा धूर मुद्दाम आत ओढला तर तुटतो, कारण धूर हा पदार्थ आहे आणि तो घशाखाली जातो. म्हणून जाणती माणसे दिवसा घरात ऊद जाळायचे टाळतात. मग रोजेदाराच्या वाट्याला उरतो तो अंगणातल्या झाडांचा वास. दिवसभराच्या मनाईत मोकळे राहिलेले हे एक सुख, आणि त्यासाठी खर्च म्हणाल तर एका कुंडीचा.

हा वास नेमका याच वेळी का येतो, त्यालाही कारण आहे. मोगरा, जाई, जुई, रातराणी, मधुमालती ही सगळी मंडळी रात्रीच्या पतंगांची वाट पाहणारी. अंधारात रंग दिसत नाही, म्हणून फुले पांढरी किंवा फिकट, आणि बोलावणे धाडायचे ते वासाने. सूर्य कलला की कळ्या उमलू लागतात, वारा पडतो, हवा खाली बसते आणि वास अंगणातच रेंगाळतो. मधुमालतीचा वेल यात सर्वांत गमतीचा. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि नंतर लाल. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात ते त्यामुळे. इफ्तारच्या वेळी नवे पांढरे फूल आणि सहरीलाही वास, असा तिचा क्रम. गेटवरच्या कमानीला हा वेल चढवला तर घरच्यांआधी रस्त्याने जाणाऱ्याला त्याचा लाभ होतो, हा भाग वेगळा.

अडचण एकच. झाडे सूर्याच्या वर्षाने चालतात आणि रमजान चंद्राच्या. इस्लामी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. 2018 मध्ये तो मेच्या मध्याला लागला होता. विदर्भाच्या उन्हात पंधरा तासांच्या आसपासचे रोजे झाले, पण संध्याकाळी मोगरा ओंजळीने मिळत होता. 2026 चा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झालेला. तेव्हा मोगरा नुकता जागा होत असतो. अशा वर्षी मार्चमध्ये ज्याच्या अंगणात कळ्या दिसतात, त्याने जानेवारीत काम केलेले असते.

ते काम संत्र्याच्या मुलखातल्या लोकांना वेगळे समजावून सांगायला नको. बहार धरण्यासाठी बागायतदार झाडाचे पाणी तोडतो, त्याला ‘ताण देणे’ म्हणतात. मोगऱ्यालाही तेच लागते. थंडी ओसरत आली की फांद्या छाटायच्या, उरलेली पाने ओरबाडून टाकायची, पंधरा-एक दिवस पाणी तोडायचे आणि मग शेणखत घालून भरपूर पाणी द्यायचे. मोगऱ्याचे फूल नव्या फुटव्यावर येते. वर्षभर लाडाने पाणी घालून पानांचा नुसता डोंगर करणाऱ्यांच्या झाडाला फुले का येत नाहीत, याचे उत्तर यात आहे. उपाशी ठेवल्यावर फुलणाऱ्या झाडाकडे पाहून रोजेदाराच्या मनात काय येत असेल, ते त्याचे त्याला ठाऊक.

मेंदीची गोष्ट थोडी निराळी. पूर्वीच्या अनेक घरांना मेंदीचे कुंपण असायचे, आणि ईदच्या आदल्या रात्री हात रंगवायला पाने त्यातलीच. पण मेंदीला बारीक, फिकट फुलांचे तुरे येतात आणि त्यांना सुंदर वास असतो, हे अनेकांना ठाऊकच नसते. कारण कुंपण सतत कातरले जाते. तुरा यायला फांदीला सवडच मिळत नाही. एक झाड कोपऱ्यात न कातरता सोडून द्यावे. अत्तरवाल्याच्या पेटीतला ‘हिना’ हा शब्द याच झाडाचा.

रातराणीबद्दल मत जरा जपून द्यावे लागते. तिचा वास उग्र, काहींचे डोके चढते. ती खिडकीशी नको, परसाच्या टोकाला असावी. तिची फळे विषारी, तेव्हा लहान मुलांच्या घरी तर विचार करूनच लावावी.

आणि सबजा. सरबतात फुगलेले ते काळे दाणे ज्या रोपाचे, ते तुळशीचे सख्खे भावंड. वनस्पतिशास्त्रात दोघे एकाच कुळातलेच नव्हे, एकाच प्रजातीगटातले. कुराणातल्या सूरह रहमानमध्ये धान्यासोबत ज्या सुगंधी ‘रैहान’चा उल्लेख येतो, तो शब्द अरबीत या सबज्यालाही वापरतात. कोणी असे सुगंधी रोप पुढे केले तर ते नाकारू नये, कारण त्याचे ओझे नसते आणि वास चांगला असतो, अशा आशयाची हदीस आहे. मुस्लिमांच्या कबरींवर सबजा लावलेला दिसतो, हिंदूंच्या अंगणात वृंदावनात तुळस. दोन्ही झाडांना लागते तेच ऊन, तेच पाणी, आणि मंजिऱ्या खुडल्या तर दोन्ही सारखीच दाट होतात.

पण अंगणे कमी होत चालली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. घर नव्याने बांधले की पुढची माती आधी फरशीखाली जाते. गाडी ठेवायला सोयीचे आणि झाडायला सोपे. मग संध्याकाळी तीच फरशी तव्यासारखी तापते आणि इफ्तार पंख्याखाली, आत. घर बांधताना भिंतीलगत दोन फुटांची पट्टी उघडी सोडली तरी एक जुई आणि एक मोगरा मावतो. त्याही पलीकडे, असरच्या नमाजानंतर त्या मातीवर पाणी शिंपडले की जो वास उठतो, तो कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीपासून चंदनाच्या तेलात उतरवतात आणि ‘मिट्टी’ नावाने विकतात. पाण्याचा प्रश्न असेल तर वजूचे पाणी आहेच. त्यात साबण नसतो. घमेल्यात धरून थेट आळ्यात ओतता येते. नवतप्यात कुंड्या तेवढ्या सावलीत सरकवाव्या लागतात.

2027 चा रमजान फेब्रुवारीच्या पूर्वार्धात सुरू होईल. तेव्हा मोगरा झोपलेला असेल, कुंद मात्र फुललेला. 2030 मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा असे दोन रमजान लागतील. तेव्हा कामाला येतील ते कुंद आणि देशी गुलाब. आज पहिला रोजा धरणारे सात वर्षांचे मूल तिशी ओलांडेल, तेव्हा कुठे रमजान पुन्हा मे महिन्यातल्या मोगऱ्याशी येईल. कुंदाची फांदी पावसाळ्यात लागते. ती शेजाऱ्याकडे असेल, तर शब्द आताच टाकून ठेवावा.