टीव्हीने स्वतःच इनपुट बदलला, तर त्यावर पेटंट मिळेल का?

मॅच चालू आहे सेट-टॉप बॉक्सवर, म्हणजे एचडीएमआय १ वर. ओव्हर संपली, जाहिरात लागली. तुम्ही रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबून एचडीएमआय २ वरच्या फायर स्टिकवर गेलात. स्क्रीन काळी. दोन सेकंद, कधी तीन-चार. मग चित्र आलं. परत मॅचवर यायचं तर पुन्हा तोच अंधार, आणि तेवढ्यात विकेट पडलेली.

अशा वेळी कुणाच्याही डोक्यात येतं की कुठे काय चालू आहे हे टीव्हीलाच कळायला हवं. त्याने स्वतःच इनपुट बदलावा, किंवा निदान दुसऱ्या इनपुटची छोटी खिडकी कोपऱ्यात दाखवावी. आणि तुम्ही इंजिनिअरिंगला असाल तर पुढचं वाक्य ठरलेलं: "यावर पेटंट टाकू या."

टाका की. पण टाकणं आणि मिळणं यांच्यामध्ये एक माणूस बसलेला असतो, पेटंट एक्झामिनर. तो नेमकं काय करतो हे याच उदाहरणावर बघू. खालचा अर्ज मी रचलेला आहे, पण त्याच्या वाटेत आडव्या येणाऱ्या गोष्टी खऱ्या आहेत.

आयडिया नाही, क्लेम

एक्झामिनर तुमची आयडिया तपासत नाही. अर्जाच्या शेवटी क्रमांक घातलेली वाक्यं असतात, त्यांना क्लेम म्हणतात, म्हणजे दावे. तो ती वाक्यं तपासतो. शेताला गावात काय नावाने ओळखतात यावरून हद्द ठरत नाही, मोजणीच्या नकाशावरून ठरते. तसंच हे. शीर्षक, सुंदर आकृत्या, "क्रांतिकारी" वगैरे शब्द, यातलं काहीच हद्द ठरवत नाही.

आपला पहिला क्लेम असा धरू: "किमान दोन व्हिडिओ इनपुट, प्रत्येक इनपुटवर सिग्नल आहे का हे ओळखणारा भाग, आणि ज्या इनपुटवर नवा सिग्नल सुरू होईल तिकडे आपोआप वळणारा कंट्रोलर असलेलं डिस्प्ले उपकरण."

वाचायला भारी वाटतं. एक्झामिनर याचे तीन तुकडे करतो: इनपुट, ओळखणारा भाग, वळवणारा कंट्रोलर. मग हे तिन्ही तुकडे असलेला एखादा जुना कागद शोधतो. तो कागद भारतातलाच हवा असं नाही, आणि पेटंटच हवं असंही नाही. मॅन्युअल, स्टँडर्ड, रिसर्च पेपर, काहीही चालतं. सगळे तुकडे एकाच ठिकाणी सापडले की नावीन्य संपलं.

आपल्या बाबतीत त्याला फार शोधावं लागणार नाही. एचडीएमआयचा पहिला स्टँडर्ड डिसेंबर २००२ चा. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १३ नंबरची पिन सीईसी नावाच्या संवादासाठी आहे. प्लेअर सुरू झाला की तो या तारेवरून टीव्हीला सांगतो, "आता मी चालू आहे, माझ्याकडे ये", आणि टीव्ही तिकडे वळतो. सॅमसंगच्या टीव्हीत याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीच्या टीव्हीत सिंपलिंक. तुमच्या सेटिंगमध्ये बहुतेक आत्ताही असेल, चालू केलेलं नसेल एवढंच.

त्याच्याही मागे जाता येतं. युरोपातल्या जुन्या टीव्हींना स्कार्ट नावाचं रुंद, २१ संपर्कांचं सॉकेट असायचं. त्याची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. त्यातल्या ८ नंबरच्या पिनवर व्हीसीआरने ठरावीक व्होल्टेज दिलं की टीव्ही चॅनल सोडून व्हीसीआरच्या इनपुटवर जायचा. ना सॉफ्टवेअर, ना चिप, नुसतं व्होल्टेज. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं सांगतो, थोडं ओशाळल्यासारखं झालं. आपण ज्याला "स्मार्ट" म्हणतो ते लोकांनी एका तारेत केलं होतं.

तर क्लेम १ गेला.

दोन जुन्या गोष्टी जोडल्या तर?

हा सगळा निकाल अर्जदाराकडे येतो तो फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्टच्या रूपात. सगळे त्याला एफईआर म्हणतात. तो नकार नसतो. तो आक्षेपांचा कागद असतो, आणि उत्तर द्यायला सहा महिने मिळतात. पहिल्या एफईआरमध्ये एकही आक्षेप नाही असं क्वचितच होतं, त्यामुळे तो बघून घाबरायचं कारण नाही. गप्प बसायचं मात्र नसतं. मुदतीत उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

आपण उत्तर देतो. क्लेममध्ये भर घालतो: कंट्रोलर सगळ्या इनपुटची छोटी चित्रं एकाच वेळी स्क्रीनवर दाखवतो. आता सीईसीच्या कागदात सगळे तुकडे नाहीत, म्हणजे नावीन्याची परीक्षा पास. पण दुसरी परीक्षा जास्त कठीण असते. या क्षेत्रातल्या साधारण जाणकार इंजिनिअरला हे सहज सुचलं असतं का? पिक्चर-इन-पिक्चरचे टीव्ही १९८० च्या दशकापासून बाजारात आहेत. एक्झामिनर म्हणेल, आपोआप वळणं या कागदात आहे, छोटी खिडकी त्या कागदात आहे, दोन्ही एकत्र आणण्यात डोकं कुठे लागलं?

इथे भारतीय कायद्यातलं एक कलम नेमकं लागू पडतं. पेटंट कायदा १९७०, कलम ३(एफ): आधी माहीत असलेली उपकरणं नुसती शेजारी मांडली, आणि प्रत्येक जण आपापलं काम जुन्याच पद्धतीने करत राहिला, तर तो शोध नाही. मिक्सरला घड्याळ चिकटवलं तर मिक्सरही तोच, घड्याळही तेच. शिवाय कलम ३(एन) आहे: माहिती सादर करण्याची नुसती पद्धत म्हणजे शोध नाही. चार खिडक्या कशा मांडल्या, कोणती डावीकडे, कोणती मोठी, एवढ्यावर अर्ज उभा असेल तर हे कलम येणारच.

माझं मत विचाराल तर ही दुसरी परीक्षा अर्जदारावर थोडी अन्याय करणारी असू शकते. उत्तर समोर आल्यावर सगळंच सोपं वाटतं. म्हणून चांगला पेटंट एजंट इथे भांडतो: या दोन गोष्टी एकत्र आणायचं त्या जाणकाराला सुचलं असतं तरी का, आधीच्या कागदांत तशी काही खूण आहे का? कधी जिंकतो, कधी नाही. टीव्ही आणि छोट्या खिडकीच्या बाबतीत जिंकणं अवघड आहे.

खरा प्रश्न त्या काळ्या स्क्रीनमध्ये होता

आपण सुरुवात कुठून केली होती? दोन-तीन सेकंदांच्या अंधारापासून. तो का येतो हे आपल्या अर्जात कुठेच नव्हतं.

एचडीएमआयवरचं बरंचसं व्हिडिओ एचडीसीपी नावाच्या कुलपात येतं, कॉपी होऊ नये म्हणून. टीव्ही आणि बॉक्स आधी एकमेकांची ओळख पटवतात, किल्ल्या ठरवतात, मगच चित्र दिसतं. टीव्हीतला हे काम करणारा भाग फक्त निवडलेल्या इनपुटला जोडलेला असेल, तर इनपुट बदलला की ओळखपरेड पहिल्यापासून. त्याशिवाय नव्या सिग्नलच्या रिझोल्युशनशी जुळवून घ्यायला वेळ जातो तो वेगळाच.

यावर उपाय सुचतो: जे इनपुट स्क्रीनवर नाहीत त्यांची ओळखपरेडही मागे चालू ठेवायची. चांगला आहे. पण एचडीएमआय बनवणाऱ्या मूळ कंपन्यांपैकी एक असलेल्या सिलिकॉन इमेजने इन्स्टापोर्ट नावाने हेच आणलं होतं, आणि अंधार साधारण सेकंदावर आणला होता. म्हणजे पुन्हा जुना कागद.

आता एक पाऊल पुढे जाऊ. समजा तुमचं म्हणणं असं आहे: चार इनपुटना चार स्वतंत्र ओळखपरेड सर्किट लावायची नाहीत. एकच सर्किट आळीपाळीने वापरायचं, आणि पाळी कुणाची हे ठरवताना प्रत्येक इनपुटची ओळख किती वेळात शिळी होते हे मोजायचं. चिपची जागा वाचते आणि अंधारही कमी होतो. इथे पहिल्यांदा एक्झामिनरला मान वर करून वाचावं लागेल. आता प्रश्न तांत्रिक आहे आणि उत्तरही तांत्रिक आहे.

तरी आक्षेप येईल, कलम ३(के). नुसता कॉम्प्युटर प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम पेटंटपात्र नाही. "पाळी ठरवणं म्हणजे अल्गोरिदमच की," असं तो म्हणू शकतो. यावर अर्जदार ज्याचा आधार घेतात तो निकाल म्हणजे दिल्ली उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१९ चा फरीद अलानी खटला. न्यायालयाने म्हटलं की बंदी "नुसत्या" प्रोग्रॅमवर आहे. प्रोग्रॅममुळे तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक प्रगती दिसत असेल तर केवळ त्यात सॉफ्टवेअर आहे म्हणून अर्ज फेकता येत नाही. आपल्या उदाहरणात तो परिणाम मोजता येतो: किती मिलिसेकंद वाचले, किती सर्किट कमी लागली. जाता जाता, अलानींचा अर्ज भारतात २००२ मध्ये दाखल झाला होता आणि त्यांच्या बाजूने निर्णय लागला २०२० मध्ये. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं असते. हिशेब तुम्हीच करा.

मागे सरकायला जागा ठेवली होती का?

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण दर वेळी क्लेम बदलत गेलो. हे खरंच करता येतं का? हो, पण एकाच दिशेने. कलम ५९ सांगतं की दुरुस्ती करून क्लेम आकुंचित करता येतो, रुंदावता येत नाही. आणि पहिल्या दिवशी दिलेल्या तपशिलात जे लिहिलेलंच नाही ते नंतर घुसवता येत नाही.

म्हणजे आळीपाळीचं सर्किट, शिळं होण्याचा वेळ, मोजण्याची पद्धत, हे सगळं मूळ अर्जात असेल तरच तिथवर मागे सरकता येतं. मूळ अर्ज चार पानांचा असेल आणि त्यात "टीव्ही हुशारीने इनपुट निवडतो" एवढंच असेल, तर क्लेम १ पडला की सगळंच पडलं. एफईआर आल्यावर कितीही चांगली कल्पना सुचली तरी ती त्या अर्जात जात नाही.

कॉलेजांत हे सर्रास घडताना दिसतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, पाच विद्यार्थी, दोन गाईड, घाईने लिहिलेली चार पानं. एकट्या व्यक्तीला अर्जाची ऑनलाइन फी १,६०० रुपये, आणि लवकर प्रसिद्ध व्हावा म्हणून फॉर्म ९ चे २,५०० रुपये. मग अर्ज पेटंट जर्नलमध्ये छापून येतो आणि लिंक्डइनवर पोस्ट पडते, "पेटंट पब्लिश्ड". लोक अभिनंदन करतात. पण प्रसिद्ध होणं म्हणजे मिळणं नव्हे. तोवर एक्झामिनरने त्याला हातही लावलेला नसतो. तपासणीसाठी वेगळा फॉर्म १८ भरावा लागतो, फी ४,००० रुपये, आणि आताच्या नियमाप्रमाणे ३१ महिन्यांच्या आत. तो भरलाच नाही तर अर्ज मागे घेतला असं मानतात.

"जाऊ दे, रेझ्युमेवर तर आलं," असं वाटत असेल तर एक तोटा बघा. तुमची प्रसिद्ध झालेली चार पानं आता जुना कागद झाली आहेत. तीन वर्षांनी तुम्ही खरंच चांगलं काहीतरी बनवलंत, तर एक्झामिनर तुमच्याच विरुद्ध तुमचीच चार पानं काढेल. अर्ज करण्याआधी यूट्यूबवर टाकलेल्या डेमोचंही तेच. प्रदर्शनासाठी कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला. कॉलेजच्या टेकफेस्टला ती मिळेल असं धरून चालू नका. वेळ कमी असेल तर आधी प्रोव्हिजनल अर्ज टाकून तारीख पकडता येते, पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा.

कुणाच्या "पेटंट"बद्दल शंका असेल, किंवा "अमुक कंपनीने आपोआप इनपुट बदलणाऱ्या टीव्हीचं पेटंट घेतलं" अशी बातमी दिसली, तर आयपी इंडियाच्या साइटवर अर्जाचा क्रमांक टाका. स्थिती दिसते, आणि तपासणी झाली असेल तर एफईआर आणि अर्जदाराचं उत्तर दोन्ही वाचायला मिळतात. पहिल्या दिवशीचा क्लेम १ आणि मंजूर झालेला क्लेम १ शेजारी शेजारी उघडा. मंजूर झालेला सहसा लांब असतो. त्यात वाढलेला प्रत्येक शब्द बहुतेक कुठल्या तरी आक्षेपाचं उत्तर असतो.