शंभर सीसीवरून साडेतीनशेवर: जड गाडी अंगवळणी कशी पाडावी

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आत येताना बाहेर लावलेल्या गाड्या पाहिल्या. एमएच २७ आहे, एमएच ३० पण आहे, म्हणजे अमरावती आणि अकोला दोन्हीकडची मंडळी आलेली दिसतात. बऱ्याचशा गाड्या शंभर-सव्वाशे सीसीच्या आहेत. दोन-चार साडेतीनशेच्या आहेत, आणि त्यातल्या एकीच्या हँडलला हार अजून तसाच आहे. आज मी बोलणार आहे ते या दोन प्रकारच्या गाड्यांमधल्या अंतराबद्दल.

आपल्याकडे बहुतेकांची गोष्ट सारखीच असते. घरात वडिलांची स्प्लेंडर. तिच्यावर शिकलो, कॉलेज केलं, शेतात गेलो, खताचं पोतंही तिच्यावरच आणलं. नोकरी लागली, चार पैसे जमले, की लांबच्या प्रवासाची गाडी घ्यायची. चिखलदरा झालाच, मग पचमढी, कोकण, कुणाला थेट लडाख. कागद झाले, नारळ फुटला, आणि काल ११२ किलोची गाडी चालवणारा माणूस आज १९५ किलोची गाडी घेऊन रस्त्यावर. मध्ये एकही पायरी नाही.

कायद्यानं पायरी दिलेली नाही

आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात लायसनसाठी मोटारसायकलचे दोनच प्रकार आहेत: बिनगिअरची आणि गिअरची. शंभर सीसीच्या गाडीवर चाचणी दिली, पास झालात, की साडेसहाशे सीसीची गाडी चालवायलाही तुम्ही पात्र. युरोपात तसं नाही. तिथे आधी १२५ सीसीपर्यंतचं लायसन, मग ३५ किलोवॅटपर्यंतच्या ताकदीचं, आणि त्यानंतर मोठ्या गाडीचं. जपानातही ४०० सीसीच्या वर जायला वेगळं लायसन लागतं.

गंमत अशी, की कर लावताना आपल्याकडेही हा फरक केला जातो. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. लायसनमध्ये मात्र अशी रेघ नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मुद्दा एवढाच, की ही पायरी दुसरं कुणी बांधून देणार नाही, आपली आपणच बांधायची आहे. ती कशी, ते चार भागांत पाहू: वजन, ब्रेक, वळण आणि ओझं. क्रमही हाच ठेवायचा.

वजन: शून्य ते दहाचा वेग

लोकांना वाटतं जड गाडीची भीती वेगात असते. खरं तर चालत्या गाडीला चाकं आणि पुढच्या फोर्कची ठेवण तोलून धरतात. वीस-पंचवीसच्या वर गेलात की वजन जाणवतच नाही. ते जाणवतं गाडी उभी असताना, नाहीतर मुंगीच्या वेगानं चालताना: पेट्रोल पंपावर, गल्लीत वळवताना, घराच्या रॅम्पवर.

ढोबळ हिशेब सांगतो. उभी गाडी दहा अंश कलली, तर शंभर सीसीच्या गाडीला हँडलशी धरून ठेवायला साधारण दहा किलोचा जोर लागतो. दोनशे किलोच्या गाडीला वीस किलोचा. वीस अंश कलली, की इकडे वीस आणि तिकडे चाळीस. एका पायावर, एका बाजूला झुकून, चाळीस किलो आपण किती वेळ धरणार? स्प्लेंडर कलली तर पाय टेकवून सावरता येते. जड गाडी एका मर्यादेपलीकडे गेली की ती पडणारच. त्या वेळी हट्ट करायचा नाही, सोडून द्यायची. गाडीचं लिव्हर बदलता येतं, गुडघा नाही.

माझी पहिली जड गाडी अशीच पडली. पंपावर वळत होतो, हँडल पूर्ण डावीकडे, वेग जेमतेम पाच. समोर एक पोरगं आलं, सवयीनं पुढचा ब्रेक दाबला. पाय टेकवला तो नेमका सांडलेल्या डिझेलवर. चार माणसं धावली. एक म्हातारबा म्हणाले, "एवढी मोठी गाडी कायले घेतली बापा?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. तेव्हा नियम पहिला: हँडल वळलेलं असताना आणि वेग नसताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. मुंगीच्या वेगात काम करायचं ते मागच्या ब्रेकनं आणि हाफ क्लचनं.

सराव साधा आहे. रविवारी सकाळी एखादं मोकळं मैदान गाठा. आठ-दहा पावलांच्या अंतरानं विटा मांडा आणि त्यांच्यामधून नागमोडी गाडी काढा. मग इंग्रजी आठचा आकडा. थ्रॉटल किंचित उघडा आणि स्थिर, क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका दाबलेला, नजर विटेवर नाही तर पुढच्या वळणावर. मोटारसायकलचा क्लच सहसा तेलात बुडालेला असतो, सरावापुरता घासला तर जळत नाही. असं दोन-तीन रविवार करा. कंटाळवाणं वाटेल, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

पडलेली गाडी उचलायलाही शिका. आधी इंजिन बंद, गिअरमध्ये टाका. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर उचलल्यावर ती पलीकडे जाईल. मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या पकडीला, आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उठायचं. कंबरेतून वाकून उचललीत तर आठवडाभर अंथरूण धराल.

आणखी एक. कागदावरचे किलो म्हणजे सगळं नव्हे. सुपर मिटिओर ६५० ही २४१ किलोची आहे, पण तिची सीट ७४० मिलिमीटरवर. हिमालयन ४५० ही १९६ किलोची, सीट मात्र ८२५ मिलिमीटर. वजन खाली असलं आणि पाय नीट टेकत असले, तर जास्त किलोची गाडीही हलकी वाटते. म्हणून गाडी घेताना आकडा वाचून ठरवू नका. बसून पाहा, स्टँडवरून काढून पाहा, चार पावलं मागे ढकलून पाहा.

ब्रेक: मागच्या पायाची सवय मोडणं

मैदान झालं की हायवे. अकोला-अमरावती रस्ता आता कसा आहे ते तुम्ही जाणताच. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर लोणी ते मानादरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला, गाडी मोठी झाली, आणि ९० चा वेग ६० सारखा वाटू लागला. धोका इथे आहे. हलकी गाडी ७० ला थरथरायला लागते, माणसाला सांगते की बस कर. जड गाडी काही सांगत नाही.

हिशेब पाहा. साठच्या वेगात आपण सेकंदाला जवळपास १७ मीटर जातो. समोर काही दिसून हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे १७ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लावला तर पुढे २० मीटर. एकूण ३७. नव्वदच्या वेगात आधी २५ आणि मग साधारण ४५, एकूण ७०. वेग दीडपट, अंतर जवळपास दुप्पट. आणि ७५ किलोचा माणूस बसलेली १९५ किलोची गाडी ९० ला जेवढी ऊर्जा घेऊन धावते, ती त्याच माणसाच्या ६० च्या स्प्लेंडरपेक्षा तिपटीहून जास्त असते. ती सगळी ब्रेकमधूनच जिरवायची आहे.

आता आपली सवय. "पुढचा ब्रेक दाबू नको, उलटा पडशील," हे आपल्याला लहानपणी सांगितलेलं असतं. म्हणून आपण वर्षानुवर्षं उजव्या पायानंच थांबतो. ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं. जोरात थांबताना तीन चतुर्थांश, कधी त्याहून जास्त भार पुढच्या चाकावर असतो. हलक्या चाकाला कितीही दाबा, ते घासत जाईल. थांबवतो तो पुढचा ब्रेक. फक्त तो झटक्यानं नाही, पिळत पिळत दाबायचा: आधी हलका, भार पुढे आला की जोरात, आणि हँडल सरळ.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्यानं चाक जाम होत नाही, हे मोठं काम आहे. पण थांबायचं अंतर ते जादूनं कमी करत नाही, आणि गिट्टीवर तर नाहीच. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगातून, मग ४० मधून, मग ५० मधून पूर्ण थांबण्याचा सराव करा. मागे कुणी नाही हे आधी पाहून.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही. म्हणजे आपली गाडी कितीही मोठी असो, ती ट्रॅक्टर, बैलबंडी, कापसाचे भरगच्च ट्रक आणि उलट्या बाजूनं येणारी स्प्लेंडर यांच्यातूनच जाणार. पावसाळ्यात वावरातून निघालेला ट्रॅक्टर काळी माती रस्त्यावर आणतो, ती ओली झाली की साबण. सोयाबीनच्या दिवसांत रस्त्यावर कुटार पडलेलं असतं. पहाटे आणि दिवेलागणीला रोही आडवा येतो, आणि एक गेला की मागे दुसरा असतोच. हे सगळं आपल्याला माहीत आहे. फक्त जड गाडीवर ते तीस मीटर आधी माहीत असायला हवं.

वळण: चिखलदऱ्याचा घाट

हायवेवर महिना-दीड महिना काढल्यावर घाट. परतवाड्याहून चिखलदऱ्याला तीसेक किलोमीटरमध्ये रस्ता अकराशे मीटर उंचीवर पोचतो. इथे हलक्या गाडीची दुसरी सवय उघडी पडते. शंभर सीसीची गाडी नुसतं अंग झुकवलं तरी वळते. जड गाडी तेवढ्यानं वळत नाही. तिला हँडलनं सांगावं लागतं: डावीकडे जायचं तर हँडलचं डावं टोक हलकेच पुढे ढकला. ऐकायला उलटं वाटतं, पण चालत्या गाडीचं चाक क्षणभर उजवीकडे गेलं की गाडी डावीकडे कलते आणि डावीकडे वळते. आधी सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगात अगदी हलकं करून पाहा, गाडी कशी ऐकते ते कळेल.

ब्रेक आणि गिअरचं काम वळणाच्या आधी संपवायचं. वळणात फक्त थ्रॉटल, स्थिर. नजर रस्ता जिथे दिसेनासा होतो तिथे. दरीकडे पाहाल तर गाडी दरीकडेच जाईल. आणि आपली बाजू सोडायची नाही. वरून येणाऱ्या एसटीला वळणावर रस्ता पुरत नाही, तिचं तोंड आपल्या बाजूला येतंच.

उतरताना आपल्याकडे पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. हलक्या गाडीवरही ते चूकच, जड गाडीवर जिवावरचं. ज्या गिअरमध्ये चढलो साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिन गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. आणि पहिला घाट जुलै-ऑगस्टच्या रविवारी करू नका. धुकं, पाऊस, गर्दी, तिन्ही एकदम येतात.

ओझं: सगळ्यात शेवटी

डबल सीट आणि सामान शेवटी. कारण त्यानं गाडी पुन्हा नवी होते. ६० किलोचा माणूस आणि १५ किलोच्या बॅगा मागे आल्या, की पुढचं चाक हलकं, ब्रेकचं अंतर वेगळं, हाफ क्लचचा तोल वेगळा. १५ लिटरची टाकी भरली तर अकरा किलो वाढतात, तेही वरच्या बाजूला. जड सामान खाली आणि मधल्या बाजूला बांधा, मागच्या डिकीत हलकं ठेवा. मागच्या टायरची हवा पुस्तकात दिल्याप्रमाणे वाढवा, आणि ती सकाळी, टायर थंड असताना मोजा. मे महिन्यात दुपारी हवा जास्त दिसते म्हणून कमी करू नका.

आपल्या ऊन्हाबद्दल काय सांगायचं! पारा ४५ ला असताना जड गाडीचं इंजिन मांडीशी भट्टीसारखं तापतं. थकलेल्या माणसाचा एक सेकंद दोन सेकंदांचा होतो, आणि मघाचे २५ मीटर ५० होतात. पहाटे निघा, अकराच्या आत सावली गाठा, तहान लागायच्या आधी पाणी प्या.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न: भाऊ, माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. जमेल काय?*

जमेल. दोन्ही टाचा टेकायलाच पाहिजेत असं नाही. एक पाय पूर्ण टेकला, कंबर सीटवरून थोडी सरकवता आली, तरी चालतं. फक्त थांबायच्या आधी जमीन पाहायची. पाय टेकणार तिथे खड्डा किंवा गिट्टी असेल तर चार फूट पुढे थांबा.

*प्रश्न: मधे दोनशे-अडीचशेची गाडी घ्यावी, की एकदम मोठी?*

खिशाला परवडत असेल तर मधली चांगलीच. पण सीसी म्हणजे पायरी नव्हे. थेट साडेतीनशे घ्या, मात्र पहिले तीन-चार महिने आज सांगितलेल्या क्रमानं काढा. तुम्ही मधली गाडी घेतली आणि मैदानावर एकदाही गेला नाहीत, तर पायरी चढलात असं होत नाही.

*प्रश्न: मी चालवत नाही, मागं बसते. मले काय शिकायचं?*

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. चढताना आधी सांगा, डावीकडून चढा. वळणात त्यांच्यासोबत कला, उलट्या बाजूला नाही. गाडी हळू असताना मागे हलू नका. हेल्मेट तुमच्यासाठीही तितकंच बंधनकारक आहे. आणि वेग जास्त वाटला तर सांगा, तो तुमचा हक्क आहे. चालवणाऱ्यानं "काही होत नाही" म्हणायचं नाही, वेग कमी करायचा. पाठीमागे बसलेल्याला भीती वाटते, तेव्हा बहुतेक वेळा ती बरोबर असते.

वेळ झाली. बाहेर जाताना त्या हारवाल्या गाडीचे मालक मला भेटा. मैदान कुठलं, ते ठरवू.